काका, गिअर टाका की!

दात मोजायला मला अप्पांनी शिकवलं. चाकाचे दात. एका दातावर खडूची खूण करायची, तिथून अंगठ्याचं नख एकेका फटीत टेकवत पुढे सरकायचं, खूण परत आली की थांबायचं. "खूण न करता बसलास तर फिरून फिरून त्याच दाताला रामराम घालत बसशील बे," असं म्हणायचे. नखात वंगण जायचं आणि दोन दिवस निघायचं नाही. शाळेत बाई नखं तपासायच्या तेव्हा मी तो अंगठा मुठीत लपवायचो.

अप्पा साखर पेठेतल्या एका कारखान्यात यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की ज्याच्या नावानं हाक जाते, तो जॉबर. मागाच्या एका बाजूला दातेरी चाकांची माळ असते. विणून झालेलं कापड थोडं थोडं ओढून रुळावर गुंडाळायचं, हे तिचं काम. त्या माळेतलं एक चाक बदलता येतं, त्याला चेंज व्हील म्हणतात. सात चाकांच्या रचनेत हिशोब फार सोपा बसवलेला आहे. चेंज व्हीलला जितके दात, तितके साधारण एका इंचात आडवे धागे. मागवाले त्या आडव्या धाग्याला पिक म्हणतात. चाळीस दातांचं चाक चढवलं की इंचात चाळीस पिक. जास्त दात लावले की कापड हळू सरकतं आणि दाट निघतं, कमी लावले की भराभर सरकतं आणि विरळ निघतं. मागाची मोटर तीच, तिचा वेगही तोच. ऑर्डर बदलली की अप्पा पाना घेऊन चाक बदलायचे आणि डबा खायला बसायचे.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी ३९ आणि २५ ची सायकल विकत घेतली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. टॉवेलच्या एका व्यापाऱ्याकडे हिशोब लिहितो, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्चीत. पुण्यातला एक पोरगा त्याची रेसची सायकल विकत होता. वय तेवीस, वजन अठ्ठावन्न, सिंहगडावर सकाळी जाऊन नाश्त्याला घरी येणारा. सायकल हलकी होती, देखणी होती, आणि माझ्या खिशाला परवडत होती. पुढे दोन चक्के, ५३ आणि ३९ दातांचे. मागे आठ चाकांची कॅसेट, सगळ्यात लहान १२ ची आणि सगळ्यात मोठं २५ चं. मी सीट दाबून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले, रंगावरून हात फिरवला. दात मोजले नाहीत.

विजापूर वेशीजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना नवी सायकल दाखवायला नेली. त्यांनी मागचं चाक उचलून एकदा फिरवलं, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आधीचा मालक कसा हुता?" मी सांगितलं. "मग सायकल घेतली ते बरं केलं, पण त्याचं पाय बी आणायचं हुतं की."

मी हसलो. सोलापूर सपाट आहे, असं आम्ही सगळेच मानतो. इथं डोंगर नाही, दरी नाही. मुंबईचा माणूस गाडीतून उतरला की "केवढं मोकळं आहे!" म्हणतो. अक्कलकोट रोडला सकाळी सहाला निघालं की तासाभरात मीटरवर सत्तावीसचा वेग, डावीकडे ज्वारी, उजवीकडे ज्वारी, आणि आपण फार मोठे सायकलपटू आहोत असा समज. विजापूर रोडला वडकबाळच्या पुढे-मागे सीना नदीकडे उतरायचं आणि पुन्हा चढायचं, एवढाच काय तो त्रास. तिथं मी उभा राहून पायडल मारायचो आणि तो अर्धा मिनिट संपून जायचा. अर्ध्या मिनिटाच्या चढावर कुठलाही गिअर चालतो. खोटा आत्मविश्वास कमवायला अशा चढांइतकी चांगली जागा नाही.

मग कोजागरी आली.

बाहेरच्यांसाठी सांगतो. कोजागरीला अर्धं सोलापूर पायी तुळजापूरला जातं. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर. बायका, पोरं, नुकतं लग्न झालेली जोडपी, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आज्या. रस्त्याच्या कडेला जागोजागी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी फुकट. हिप्परग्याचा तलाव मागे पडतो, उळे जातं, तामलवाडी येते, आणि मग समोर बालाघाटाची कड दिसायला लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. दोनशे मीटरचा फरक. कागदावर काहीच नाही. पण त्यातला बराचसा हिस्सा शेवटच्या घाटासाठी राखून ठेवलेला आहे.

मी पहाटे सायकलवर निघालो होतो. घाट लागला तेव्हा पुढे ३९, मागे २५. म्हणजे यापुढे हलका गिअर नाही. पहिल्या वळणापर्यंत बसून, दुसऱ्यापर्यंत उभा राहून. नंतर बसताही येईना आणि उभंही राहवेना. पाय एकेक पायडल असं दाबत होता की जणू विहिरीवरचा जुना रहाट ओढतोय. शेजारून चालणाऱ्या बाया "आई राजा उदो उदो" म्हणत माझ्या बरोबरीनं येत होत्या, आणि थोड्याच वेळात त्या पुढे होत्या.

तेवढ्यात मागून एक पोरगं आलं. बारा-तेरा वर्षांचं, पायात चपला, बुडाखाली दुकानात मिळते ती जाड टायरची एकवीस गिअरची सायकल. हँडलला केळ्याचा घड टांगलेला. पाय शिवणयंत्रासारखे भरभर फिरत होते, वेग माझ्याहून जेमतेम जास्त. मला ओलांडताना त्यानं मनापासून सल्ला दिला, "काका, गिअर टाका की!"

टाकायला काही उरलं नव्हतं रे बाळा. मी उतरलो आणि सायकल ढकलत चालायला लागलो. बूट पायडलला अडकवणाऱ्या क्लीटचा टक टक आवाज अख्ख्या घाटाला ऐकू जात होता.

घरी आल्यावर हिशोब मांडला. हिशोबनिसाला दुःख झालं की तो रकाने आखतो.

चढावर लागणारी ताकद काढणं अवघड नाही. सायकलसकट एकूण वजन किलोत, गुणिले ९.८१, गुणिले चढलेली उंची मीटरमध्ये, भागिले लागलेले सेकंद. उत्तर वॅटमध्ये येतं. त्यात टायरच्या घर्षणाचे आणि हवेचे पंधरा-वीस वॅट मिळवायचे. माझं, सायकलचं आणि पाण्याच्या बाटल्यांचं मिळून ९२ किलो. शंभर मीटर उंची मी बारा मिनिटांत चढू शकतो, हे मी नंतर घाटातच पाहिलं. म्हणजे १२५ आणि वरचे २०, सगळे मिळून १४५ वॅट. हा माझा पगार. यापेक्षा जास्त मी दोन मिनिटं काढू शकतो, वीस मिनिटं नाही.

आता पाच टक्क्यांचा चढ धरा. १४५ वॅटमध्ये मी तिथं ताशी दहा किलोमीटरनं जातो. माझ्या चाकाचा घेर २.१ मीटर. पुढे ३९ आणि मागे २५ असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.२८ मीटर पुढे जाते. ताशी दहानं जायचं तर मिनिटाला ५१ फेरे. सपाटीवर माझे पाय ऐंशीच्या आसपास फिरतात. ५१ फेऱ्यांत तेच १४५ वॅट बसवायचे तर प्रत्येक फेऱ्यात पायडलवर सरासरी १६ किलोचा जोर लागतो. हा सरासरीचा आकडा, पायडल पुढे आडवं असतं त्या क्षणी त्याच्या दुपटीकडे जाणारा. हेच फेरे ७५ केले तर सरासरी जोर ११ किलो. वेग तोच, घाम तोच, ताकद तीच. फरक फक्त गुडघ्याला आणि मांडीला कळतो. मांडीचा स्नायू कमी वेळा पण जोरात दाबला की लवकर भरून येतो. फुप्फुसं दमली तर दोन मिनिटांत परत येतात, भरलेली मांडी त्या दिवशी परत येत नाही.

आणि ते पोरगं? त्या सायकलींना पुढे सहसा २४ चा छोटा चक्का असतो आणि मागे २८ पर्यंत दात. एका फेऱ्यात पावणेदोन मीटर. माझ्या जवळजवळ निम्मं. सायकल माझ्यापेक्षा पाच किलोनं जड, किंमत माझीच्या एक पंचमांश, आणि घाटात माझी बाप. त्या एकवीसमधले अर्धे गिअर एकमेकांच्या अंगावर पडतात हे खरं, तीनदा सात म्हणून पाटीवर एकवीस लिहायचे. पण खालचे दोन मात्र अस्सल. ज्यानं ते ठरवले त्याच्या डोळ्यासमोर चपला घातलेला माणूस होता. माझी सायकल ज्यानं ठरवली त्याच्या डोळ्यासमोर मी नव्हतो.

अप्पांची सायकल अजून जिन्याखाली आहे. अठ्ठावीस इंची, काळी, कोटर पिनची. पुढे ४४, मागच्या फ्रायव्हीलला १८. एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या आसपास. या एका गिअरवर त्यांनी मागे टॉवेलची गठडी बांधून तीस वर्षं काढली. चढाचं काय करत होता, असं विचारलं तर ते गोंधळतात. चढ आला की उतरायचं. भैय्या चौकातला रेल्वे पूल आला की सगळेच उतरायचे, गप्पा मारत ढकलायचे, वर गेलं की टांग मारायची. उतरून चालणं हा त्यांचा पहिला गिअर होता आणि त्याची कुणाला लाज नव्हती. लाज ही आम्ही चापाचे बूट घातल्यावर आली.

अर्थात लाजही जुनीच. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली, आणि तिथं डिरेलरला, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये. तोवर स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं करून परत बसवायचे. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चाकं, एक सपाटीचं, एक चढाचं. शर्यत सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजचं मत असं की बदलते गिअर पंचेचाळीस वर्षांवरच्यांसाठी ठीक. त्याच काळात सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही लोकांच्या कानीकपाळी ओरडत होता की गिअर बदला, गुडघे वाचवा. मला देग्रांजचा राग येत नाही. मी आज सेहेचाळीस वर्षांचा आहे, त्याच्या नियमात बसतो.

तर गिअर बदलायचे ठरले. चाचांकडे गेलो आणि म्हटलं, पुढचा ३९ काढून ३४ टाका. चाचांनी क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, पुढचे चक्के धरणारे पाच बोल्ट दाखवले. ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १३० मिलिमीटर, त्यावर ३८ पेक्षा लहान चक्का बसतच नाही. मग मागे मोठी कॅसेट टाका. तर डिरेलरचा पिंजरा आखूड, २८ च्या वर त्याला झेपत नाही. पिंजऱ्याचं काम चेनचा ढिलेपणा गिळणं. पुढच्या दोन चक्क्यांतला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहान चाकांतला फरक, एवढा ढिलेपणा गिळायची त्याची कुवत पाहिजे. मला हवे होते पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते ३२. सोळा अधिक एकवीस, सदतीस. म्हणजे नवा क्रँक, नवी कॅसेट, लांब पिंजऱ्याचा डिरेलर, लांब चेन. पुढचा डिरेलरही पाच-सहा मिलिमीटर खाली घ्यावा लागला, कारण ५३ चा ५० झाला होता. सायकल घेतानाच दात मोजले असते तर यातला रुपयाही लागला नसता. घरी मी खरा आकडा सांगितला नाही. हिशोबनिसाला आकडे कुठं मांडायचे आणि कुठं नाही, हे कळतं.

पुढच्या कोजागरीला ३४ आणि ३२ वर घाट चढलो. एका फेऱ्यात सव्वादोन मीटर, ताशी दहा, फेरे ७५. वर पोहोचलो तेव्हा बोलता येत होतं. खरंतर हलक्यात हलका गिअर निवडायची माझी कसोटी आता तेवढीच आहे. आपल्या नेहमीच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट चढ घ्यायचा, बसून चढायचा, आणि शेजारच्याशी अर्धं अर्धं वाक्य बोलता येतंय का ते बघायचं. फेरे साठच्या खाली गेले तर दात कमी पडतायत. चढाच्या मध्यावर एक गिअर शिल्लक असेल तर अजून उत्तम. तो वापरावा लागला नाही तरी खिशात शंभराची नोट असल्यासारखं वाटतं.

इथं गोष्ट संपली असती. पण मी सोलापूरला राहतो, आणि इथला खरा घाट तुळजापूरला नाहीच.

आषाढात या. ढग पश्चिमेकडून येतात, आमच्या डोक्यावरून जातात, आणि पाऊस पुढं कुणाच्या तरी शेतात पाडतात. आमच्या वाट्याला येतो तो वारा. दोन-अडीच महिने, सकाळी जरा कमी, नऊनंतर धडधडीत. पुणे रोडला मोहोळकडे तोंड केलं की तो छातीवर हात ठेवून उभा राहतो. घाट निदान दिसतो, वळण दिसतं, वर देवीचं गाव आहे हे ठाऊक असतं. वाऱ्याला माथा नसतो. चढ संपल्यावर उतार मिळतो, वारा परतीच्या वाटेवर कधी कधी पडलेला असतो आणि आपलं देणं बुडवतो.

आकडा सांगतो. बिनवाऱ्याच्या सपाटीवर ताशी वीसनं जायला मला ६५ वॅट पुरतात. समोरून ताशी वीसचा वारा असला की अंगावर चाळीसचा वारा, विरोध चौपट, आणि त्याच वेगाला लागतात १६५ च्या वर. माझा पगार १४५. म्हणजे वेग अठरा-साडेअठरावर येतो आणि दोन तास तिथंच राहतो.

आणि या दोन तासांत मला माझ्या नव्या कॅसेटचं दुखणं सापडलं. आठ चाकांत ११ ते ३२ बसवायचं म्हणजे मधली जागा कुठून तरी चोरावीच लागते. ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२. पंधरानंतर थेट अठरा. पुढे ३४ ठेवून साडेअठराच्या वेगाला १५ वर पाय मिनिटाला ६५ फिरतात, १८ वर ७८. एकावर मांडी कुरकुरते, दुसऱ्यावर श्वास. मला हवे होते ७२-७३, आणि ते १७ वर मिळाले असते. १७ माझ्याकडे नव्हतंच. एका दाताच्या फरकाचं काय एवढं, असं वाटेल. बुटात खडा घेऊन मोहोळपर्यंत चालून बघा.

घरी येऊन डबा उघडला. खिळे, जुन्या ब्रेकच्या तारा, आणि तळाशी त्या पुण्याच्या पोराची कॅसेट. १२, १३, १५, १७, १९, २१, २३, २५. जिला मी घाटात शिव्या दिल्या होत्या, ती. सतरा तिच्यात बसलं होतं.

तेव्हापासून माझ्याकडे दोन कॅसेट आहेत. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत दाट, म्हणजे १२ ते २५ ची, कोजागरीच्या आधी विरळ, म्हणजे ११ ते ३२ ची. पुढचा ३४ कायम. चेन ३२ च्या मापानं कापलेली आहे, म्हणून २५ ची कॅसेट चालून जाते. उलटं कधी करू नये. लहान कॅसेटच्या मापाची चेन ठेवून मोठी कॅसेट लावली आणि विसरून पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चाकावर गेलात, तर डिरेलर त्याला सांगाड्याशी जोडणाऱ्या कानासकट उपटून येतो. आणि दोन कॅसेटवर एकच चेन फिरवायची तर ती फार झिजू द्यायची नाही. स्टीलची पट्टी लावायची. चोवीस कड्यांत बारा इंच बरोबर बसले पाहिजेत. एक सोळांश इंच जास्त भरलं की नवी चेन. अप्पांची पट्टीच वापरतो, तिच्यावरचे सोळांश अजून स्पष्ट दिसतात.

कॅसेट रॉकेलच्या ताटलीत बुडवून ब्रशनं घासायला मला आवडतं. ती ताटली ढोकळ्याची होती हे मला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

मध्ये एक वर्ष वेगळं गेलं. टायफॉइड झाला. बरा झालो तेव्हा वजन पाच किलोनं कमी होतं आणि मी मनात खूश होतो की घाट आता सोपा. शंभर मीटर चढायला सतरा मिनिटं लागली. हिशोब केला, ९८ वॅट. पगार तिसऱ्या हिश्शानं कापलेला. ३४ आणि ३२ वर फेरे ५३. म्हणजे जो गिअर लावून मी सुटलो असं मानत होतो, तोच त्या वर्षी पुन्हा ३९ आणि २५ झाला. सायकल तीच, घाट तोच, मी मात्र तो नव्हतो. गिअर निवडताना आपण आपला सगळ्यात चांगला दिवस डोळ्यासमोर ठेवतो. त्या दिवशी काहीही चालतं. निवडायचा तो वाईट दिवसाचा. ताप उतरल्यावरचा, एप्रिलमध्ये सकाळी साडेआठलाच डांबर तापल्यावरचा, रात्री लग्नात जागून आल्यावरचा.

त्या कोजागरीला मी पुतणीची एकवीस गिअरची सायकल मागून नेली. जाड टायर, जड सांगाडा, सीटवर गुलाबी कव्हर. पुढे २४, मागे २८, फेरे ६५ च्या वर, वेग सातचा. चालणाऱ्यांपेक्षा थोडाच जास्त, त्यामुळे गप्पा छान होतात. एका आजीनं मला सायकल चालवता चालवता कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी दिली आणि विचारलं, "एवढं हळू जायाचं तर सायकल कशाला, बाळा?" याला उत्तर नव्हतं. पुडी खाऊन टाकली.

यंदाही गेल्या आठवड्यात ओट्यावर बसून कॅसेट बदलत होतो. दाट काढली, विरळ लावायची होती. अप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे. दुपारची झोप झाली की काठी टेकत बाहेर येतात आणि खुर्ची ओढून बसतात. ऐकू कमी येतं, त्यामुळे प्रश्न एकदाच विचारतात.

"काय करालास?"

"चाक बदलालोय," मी जरा मोठ्यानं म्हटलं.

ते थोडा वेळ दोन्ही कॅसेटकडे बघत राहिले. मग विचारलं, "ऑर्डर कुठली आलीय?"

मला एक क्षण कळलं नाही. मग म्हटलं, "तुळजापूर."

"मग जास्त दाताचं लाव. कापड हळू सरकू दे."

मी ३२ चं चाक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उन्हाकडे धरलं, अंगठ्याचं नख पहिल्या फटीत टेकवलं आणि ओठ हलवत मोजायला लागले. नख थरथरत होतं, एका फटीवर दोनदा टेकलं. पूर्ण फेरा झाला, मग अजून थोडं पुढे गेले, मग थांबले.

"चौतीस," म्हणाले. चाकावर ३२ कोरलेलं होतं, पण तो आकडा त्यांना दिसत नव्हता. मी काही बोललो नाही. त्यांनी चाक पुन्हा फिरवून पाहिलं, स्वतःशीच मान हलवली.

"खडू आण," म्हणाले.